मीटरला दहा जास्त

बीड थंड होताना आकसतं,
म्हणून पॅटर्न जरा मोठा करायचा,
मीटरला दहा मिलिमीटर.
उद्यमनगरात सव्वीस वर्षं माझा हात
हे जास्तीचंच मोजत आला.
तनया चार वर्षांची असताना
शॉपमधल्या उरल्यासुरल्या पाइनच्या फळ्यांचं
परसात, शेवग्याखाली, तिला घर केलं
तेव्हाही पट्टी तीच लावली, सवयीनं.
पोरी आकसत नाहीत
हे कुठल्या ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं.
सातव्या वर्षी दाराच्या चौकटीला डोकं आपटून ती रडली.
दहाव्या वर्षी नुसतं आपटलं.
मग आत खताची पोती, फुटका कूलर,
आणि चौथ्या फळीवर
महापुरानं ओढून ठेवलेली गाळाची रेघ.

शालन म्हणाली, "वडणग्याची जैतूनबी
पाच तलंगा द्यायला तयार हाय.
कुठं ठेवायच्या सांगा."
सांगताना बघत होती तिकडंच.
मी म्हटलं, बघतो.
आमच्यात 'बघतो' म्हणजे झालंच.

रविवारी हत्यारं काढली.
खिडकीला जाळी, बारीक डोळ्याची,
मुंगूस दोन बोटांच्या फटीतून अंग काढतं.
खाली चार पाय: फौंड्रीतल्या पंपाच्या बॉड्या,
ब्लो-होल पडून रिजेक्ट झालेल्या.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
रिजेक्ट माल खांद्यावरून घरी आणताना
लाज वाटली नाही.
बसायचा दांडा गोल करणार होतो.
"गोल नगं, चपटा," जैतूनबी म्हणाली,
"थंडीत बोटं पोटाखाली झाकत्यात.
तुमी लाकडातलं शाणं, मी कोंबडीतली."

पिसवा होऊ नयेत म्हणून आतून चुना.
बादलीत चुना फुटत होता.
गुडघ्यांवर आत शिरलो, पोती ओढली,
तर मागच्या भिंतीवर
खिळ्यानं कोरलेलं:

तनया टी हाऊस
चा २ रु
मातीची भजी ५ रु
उधारि बंद

आणि खाली, बारीक:
पप्पा बाकी ११ रु

मी तसाच ओणवा.
कुंचला ठिबकत राहिला मांडीवर.
तिचा तो गढूळ चहा मी फुर्र करून प्यायचो,
पाठ वळली की शेवग्याच्या मुळाशी.
पैसे मागितले की म्हणायचो, पगार झाला की देतो.
तिनं ते खरं धरलं असणार.
लिहून ठेवलं म्हणजे धरलंच.

फोन लावला. ती इचलकरंजीला,
टेक्स्टाइलच्या दुसऱ्या वर्षाला.
मागं मैत्रिणींचा कालवा.
"मारा की चुना. कोंबड्यांना वाचता येतंय होय?"
मग जरा थांबून,
"बाकी तेवढी राहू दे."

राहू दिली.
शालन वाकून बघून म्हणाली, हितं राहिलंय तुमचं.
म्हटलं, व्हय, राहिलंय.

संक्रांत झाल्यावर पहिलं अंडं.
डव्हटेल जोड देऊन केलेल्या माझ्या पेटीत नाही,
कोपऱ्यातल्या फाटक्या पोत्यावर.
शनिवारी तनया आली, ते हातात तोललं.
"गावरान. लक्ष्मीपुरीत पंधराला जातंय.
म्हणजे चार रुपये मीच देणं लागते."
मी हात पुढं केला.
"पगार झाला की," म्हणाली,
आणि तव्यावर फोडून खाऊन टाकलं उभ्या उभ्या.

दिवेलागणीला कोंबड्या आपणहून परततात.
दार त्यांच्या चौपट उंच,
तरी एकेक उंबऱ्याशी थांबते,
मान खाली घालते,
मग आत.
मी कडी घालतो.